सवतीची उचकी

आमच्या आईला एक सवत होती. हिरव्या रंगाची, एका गालाला पोचा आलेली आणि खोकत चालणारी. बाबांनी तिला दिवसाढवळ्या घरी आणली, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या जिन्याखाली उभी केली आणि शर्टाच्या बाहीने तिचं हॅण्डल पुसत वर बघून मला म्हणाले, "बेबी, आयेक सांग, खाली येवन बघ म्हणावा." आई गॅलरीतून वाकून बघतच होती. तिने स्कूटरकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि काय मनात आलं कोण जाणे, तडक मोरीत गेली. मोरीच्या कोपऱ्यात तिच्या माहेरचा तांब्याचा बंब असायचा. आता तिथे नुसता गोल काळा डाग होता. आई बाहेर आली, पदर कमरेला खोचला आणि शांतपणे मला म्हणाली, "तेंका सांग, बगलंय. आता तिच्याच हातचा जेवा म्हणावा." झालं. त्या दुपारपासून आमच्या आईबाबांचं बोलणं बंद झालं ते अकरा महिने. मी तेव्हा सोळा वर्षांची. दहावीला गणितात आपटून घरी बसले होते, त्यामुळे दोघांच्या मधली तार म्हणून कामाला लागले. बिनपगारी, आणि वर दोघांच्याही शिव्या खाऊन.

बंबाचं झालं असं की दादरला एक चित्रकलेचे मास्तर वारले आणि त्यांच्या मागे ही स्कूटर राहिली. मास्तरीणबाईंना स्कूटरचा उपयोग नव्हता, बंबाचा होता. आमच्याकडे नेमकं उलट, असं बाबांचं मत. आईचं मत विचारायचं राहून गेलं. पुरुषांची मोठमोठी कामं करताना असं बारीकसारीक राहून जातंच.

पण स्कूटर लागत होती हे खरं. बाबांची गिरणी बंद पडली होती. गिरणी चालू असताना आई घरात खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले, बायकापोरं कोकणात ठेवलेले गिरणीवाले आमच्या दोन खोल्यांत पंगतीला बसायचे. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, सुकटीचं सुकं आणि बुधवार-रविवारी बांगड्याचं तिखलं. गिरणी गेली, माणसं पांगली, पण त्यातली बरीचशी माझगावला गोदीत कामाला लागली आणि जेवण आईच्याच हातचं पाहिजे म्हणून हटून बसली. मग बावीस डबे रोज साडेबाराच्या ठोक्याला माझगावला पोचवायचे असं ठरलं. पहिले काही दिवस बाबा दोन मोठ्या पिशव्या घेऊन बसने जायचे. पण सुकटीच्या वासाने अर्धी बस नाक दाबायची आणि कंडक्टर त्यांना लालबागलाच उतरवून द्यायचा. "मुंबैत ऱ्हवतत आणि सुकटीक नाका मुरडतत," असं म्हणत बाबा पुढची बस धरायचे, आणि पुढचा कंडक्टर त्यांना भायखळ्याला उतरवायचा.

बाबा गिरणीत ऑइलर होते. म्हणजे यंत्रांना तेल घालणारे. लांब चोचीची पत्र्याची कुपी घेऊन दिवसभर खात्यात फिरायचं आणि प्रत्येक फिरत्या सांध्यात तेल सोडायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या कुपीत मावायचं. "तेल कमी पडान मशीन मेलेला मी बगलंय. तेल जास्ती होवन मेलेला कोणी बगल्यान हा?" माझ्या केसांना, सायकलच्या चेनला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला त्यांचं एकच औषध. गिरणीतून शेवटच्या दिवशी ते ती कुपी तेवढी घेऊन आले. आई अजून बोलत होती त्या काळातलं तिचं वाक्य आहे, "लोकांचे नवरे गिरणीतसून कापाड तरी आणतत. माझ्यान चोच आणल्यान."

तर ही स्कूटर टू-स्ट्रोक होती. आता हा प्रकार आजकालच्या मुलांना सांगायला लागतो. त्या गाडीला इंजिनाचं तेल वेगळं नसायचं, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, तेही मापात. आमच्या गाडीचा डॉक्टर म्हणजे माझगावचा पास्कलकाका. गोदीच्या मागच्या गल्लीत, चर्चच्या कुंपणाला टेकून त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक ताडपत्री, एक बाकडं आणि बाकड्यावर पास्कलकाका. पहिल्याच दिवशी त्याने बाबांना आणि मला समोर उभं करून धडा दिला. "ऐका. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम. मागचं चाक जागच्या जागी लॉक. गाडी थांबते, माणूस नाय थांबत. तो जाते पुढच्या टॅक्सीच्या टपावर. आणि तेल जास्त झालं तर प्लग ओला, गाडी मिसिंग मारणार, अडखळत चालणार. पंपवाला टाकते तेवढं बस. समजला?"

बाबांनी मान डोलावली. मी घरी येऊन आईला निरोप सांगितला. निरोपातला टॅक्सीच्या टपाचा भाग मला फार आवडला होता, म्हणून तो मी हातवारे करून दोनदा सांगितला. दुसरा भाग सांगायचा राहिला. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. म्हणाली, "माका कित्याक सांगतंस? माझी गाडी नाय ती."

पहिला महिना ठीक गेला. मग गाडीला उचक्या लागल्या. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना कसं सांगू. धड चालणारी टू-स्ट्रोक ही भांडखोर बाईसारखी असते, एका दमात, मध्ये श्वास न घेता बोलते. आमची मात्र फट् म्हणायची आणि गप्प व्हायची. परत फट्, परत गप्प. शेपटातून निळा धूर. सिग्नलला उभी राहिली की बाबांचं अख्खं शरीर उचकी लागल्यासारखं हलायचं आणि फुटबोर्डावरचे डबे खुळखुळायचे. भायखळ्याच्या पुलाच्या चढावर ती हमखास मरायची. मग बाबा उतरणार, बावीस डब्यांसकट ती ढकलत वर नेणार, आणि उतारावर ती जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होणार. डबे कधी पाऊण वाजता पोचायचे, कधी सव्वाला.

पास्कलकाकाने ऐकलं आणि निदान केलं, "मिसिंग मारते." बाबांनी घरी येऊन, आईला ऐकू जाईल अशा बेताने, पण भिंतीकडे बघून ते जाहीर केलं. आई आतून मला म्हणाली, "इचार तेंका, आता काय मिसिंग झाला? बंब तर आधीच मिसिंग हा."

(मागच्या वर्षी छातीत धडधडलं म्हणून लेकीने मला डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टर, कागदावरच्या रेघा बघून म्हणतो, आजी, तुमचा मधेच एक ठोका चुकतोय. मी म्हटलं, मिसिंग मारतंय म्हणा की सरळ. तो म्हणाला, जेवणातलं तेल कमी करा. मी इतकी हसले की त्याने पुन्हा एकदा तपासलं.)

चाळीत मात्र वेगळं निदान झालं. माणसाला उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मग गाडीची आठवण कोण काढणार? उघड आहे, मेलेले मास्तर. तळमजल्यावर तात्या राहायचे, आमच्याच गावचे, गावाला देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. तात्या म्हणाले, मास्तरांचा जीव हिच्यात गुंतलाय, एक गाऱ्हाणं घालून टाकू. सोमवारी सकाळी चाळीच्या आवारात स्कूटर मधोमध उभी केली, पुढे पाच पानांचा विडा, नारळ, उदबत्ती. चाळीतले यच्चयावत मालवणी गोळा झाले आणि तात्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ही जी काय आमची स्कूटर हा, तिची जो कोण मेलेलो मास्तर येळीअयेळी आठवण काढता हा..."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"तेका गप कर रे म्हाराजा. तेका थंयच दुसरी गाडी दी..."

"व्हय म्हाराजा."

"आणि हिची उचकी बंद करून, हे बावीस डबे येळार माझगावाक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाबांनी किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली, एकसुरी, झकास. टाळ्या पडल्या. आई वर गॅलरीत तांदूळ निवडत होती. तिने खाली न बघता सूप आपटलं. गाडी लालबागपर्यंत देवाच्या भरवशावर गेली. तिथून पुढे मास्तरांना पुन्हा आठवण आली.

आता यातला विनोद सोडा. त्याच आठवड्यात गोदीतल्या मुकादमाने बाबांना थांबवून सांगितलं, माणसांची जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक, आणि रोज निम्मी माणसं उपाशी कामावर परत जातात. शनिवारपर्यंत बघतो. शनिवारीही उशीर झाला तर सोमवारपासून भायखळ्याची एक बाई डबे देणार, तिचा भाऊ सायकलने आणतो, सायकल मिसिंग मारत नाही. बाबा घरी आले आणि पहिल्यांदाच मला निरोप न देता खाटेवर बसून राहिले. आमचं घर त्या बावीस डब्यांवर चालत होतं. दुसरं काहीच नव्हतं. मी आईला सांगितलं तेव्हा तिने चुलीवरचा टोप उतरवला, पुन्हा चढवला, आणि म्हणाली, "इचार तेंका, जेवतले काय?" मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सांग, भूक नाय." मी आईला सांगितलं, "जेवतो म्हणाले." असले निरोप मी फार पोचवले त्या वर्षात. जे जड वाटायचं ते गाळायचं, जे गोड वाटायचं ते घालायचं. तार कसली, मीच मिसिंग मारत होते.

शुक्रवारी डबे टाकून झाल्यावर बाबा आणि मी गाडी घेऊन पास्कलकाकाकडे गेलो. गणितात नापास मुलीला घरी काय काम, म्हणून बाबा मला पिशव्या धरायला मागे बसवत, आणि खरं सांगू, मला गॅरेज आवडायचं. पास्कलकाकाने बाबांना चहाला पिटाळलं आणि मला जवळ बोलावलं. गाडी चालू करून म्हणाला, "आता बोलू नको. ऐक. मोज."

मी ऐकलं. फट्. गप्प. फट्. गप्प.

"ठिणगी दर फेऱ्याला पडते. ठिणगी पडली की आग लागली पाहिजे. पण आत सगळं ओलं. एक वेळा नाय लागत. दुसऱ्या वेळेला थोडं सुकते, तेव्हा लागते. एक सोडून एक. दोन वेळा बोलणारी गाडी एकदाच बोलते." मग त्याने इंजिन बंद करून प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. काळाकुट्ट, ओला, चिकट. "हे बघ. तुज्या डोक्याला पण इतकं तेल नाय. मी आठ वेळा प्लग साफ केला, आठ वेळा तुज्या बापाला विचारलं, तेल किती टाकते? तो म्हणते पंपावर टाकतात तेवढंच. मग हे काय, येशूने टाकलं? पोरी, तुज्या घरात चोर आहे. उलटा चोर. नेत नाय, टाकून जाते. पकड."

मी पटकन प्लग बाकड्यावर ठेवून हात पुसला. कारण मला वाटलं चोर मला माहीत आहे. मीच होते. टॅक्सीचा टप माझ्या डोक्यातून जात नव्हता. बाबा पडले तर, या भीतीने मी दर दोन दिवसांनी सकाळी नळावर पाणी भरायला जाताना, सीट उचलून टाकीत तेलाच्या बाटलीचं एक झाकण ओतत होते. एक झाकण. मला वाटलं एका झाकणाने काय होतंय. गाडीवर बसून घरी येताना मी मनातल्या मनात कबुलीजबाब जुळवत होते आणि माझ्यापुढे बाबांची पाठ उचकी लागल्यासारखी हलत होती.

घरी पोचलो. दुपारचे तीन वाजलेले, चाळ जेवून आडवी झालेली. मी कबुली द्यायला हिंमत यावी म्हणून जिन्याच्या खालच्या वळणावर, पाण्याच्या पिंपाआड बसले; तिथून गाडी दिसायची. तेवढ्यात बाबा खाली उतरले. इकडेतिकडे बघितलं. धोतराच्या कनवटीतून त्यांची ती लांब चोचीची कुपी काढली, सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं आणि गिरणीतल्या सांध्यात सोडावं तसं हळुवार तेल सोडलं. एकदा. थांबले, विचार केला, आणखी एकदा. गाडीच्या सीटवर थोपटून वर निघून गेले. मी तोंडावर हात धरून बसले. सव्वीस वर्षं तेल घातलेल्या माणसाला कुणी सांगावं की तेल घालू नको.

हे एवढं पुरे होतं. पण दहा मिनिटांनी बांगड्या वाजल्या. आई. हातात घमेलं, जणू राख टाकायला चाललीय. जिन्याखाली आली, घमेलं ठेवलं, पदराआडून आमटीची पळी काढली. पळीत तेल. एक थेंब न सांडता तिने ती पळी तीन मजले उतरून आणली होती. सीट तिने सराईतासारखी उचलली, यावरूनच कळलं की हे पहिल्यांदा नाही. तेल ओतलं, पळी पदराला पुसली, आणि मग सवतीच्या पोचा आलेल्या गालावर एक चापट मारून म्हणाली, "मेले, तेंका नीट आण. नायतर तुजो भाकरीचो तवो करीन."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी जिन्यावरून ओरडले, "आये."

आई पळीसकट दचकली. माझा आवाज ऐकून बाबा वरून धावत आले, त्यांच्या हातात अजून ती कुपी. एका पायरीवर पळी, वरच्या पायरीवर कुपी, मध्ये मी. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं. मी म्हटलं, "मीपण एक झाकण घालते." कुणीच माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

अकरा महिन्यांनी आमच्या आईने नवऱ्याशी काढलेले पहिले शब्द असे होते, "तुमी पण घालतास?"

बाबा म्हणाले, "तू कित्याक घालतंस?"

"बेबीन सांगल्यान. तेल कमी पडला तर तुमी टॅक्सीर जातलास."

"आणि जास्ती झाला तर ता नाय सांगल्यान?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात मला इतकं एकत्र कुणी बघितलेलं नाही. पंपवाला एक, बाबा दोन, आई तीन आणि मी चार. चार हातांनी त्या गाडीला न्हाऊ घातलं होतं आणि मेलेल्या मास्तरांना दोष देत होतो. बाबा म्हणाले, "बंबाचा..." आणि थांबले. आई म्हणाली, "बंबाचा नंतर. ता मी सोडूक नाय. आदी उद्याचे डबे." आणि चपला घालून, डोक्यावरून पदर घेऊन, ती खाली येऊन गाडीपाशी उभी राहिली. "चला त्या पास्कलाकडे. मी येतंय. तुमच्यार आणि हिच्यार माझो इस्वास नाय." सवतीच्या पाठीवर बसून आई पहिल्यांदा चाळीबाहेर पडली. गॅलरीत हळूहळू सगळी चाळ उभी राहिली. तात्या म्हणाले, गाऱ्हाण्याचा गुण यायला चार दिवस लागतात. मी मागून बसने गेले.

पास्कलकाकाने टाकी रिकामी केली, तेव्हा जे निघालं ते बघून म्हणाला, "बाय, ह्याच्यात भजी तळली असती." सायलेन्सर काढून रॉकेलचा बोळा कोंबून पेटवला, त्यातून असा काळा धूर निघाला की चर्चच्या माळ्याने बादली आणली. आई बाकड्यावर बसून सगळं बघत होती. शेवटी तिने विचारलं, "किती घालूचा, ता माका दाखवा. एकदाच दाखवा." पास्कलकाकाने एक मापाची बाटली दिली. आई बाबांकडे वळून म्हणाली, "ह्याच्यापुढे हात एकच. माझो. पंपार सादा पेट्रोल घ्या आणि ती चोच माझ्याकडे द्या." बाबांनी कुपी दिली. गिरणी सुटली तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर इतकं दिसलं नव्हतं. आईला ते कळलं असावं, कारण तिने ती कुपी घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि दिव्याचं तेल तिच्यातूनच घालायला लागली.

शनिवारी मी मागे बसले होते, मांडीवर सहा डबे. भायखळ्याच्या पुलाचा चढ आला तेव्हा बाबांनी सवयीने पाय खाली सोडला, उतरून ढकलायच्या तयारीत. गाडी थांबलीच नाही. भांडखोर बाईसारखी एका दमात बोलत वर चढली आणि बाबांचा पाय हवेत तसाच राहिला. आम्ही माझगावला बाराला दहा कमी असताना पोचलो. मुकादम म्हणाला, "आज काय कालचे आणले काय?" त्याने एक डबा उघडून बोट लावलं, भाजलं, आणि बोट तोंडात घातलं. भायखळ्याच्या बाईचा विषय तिथे संपला.

पुढे काय झालं ते सांगते, कारण मला खरं तर तेच सांगायचं होतं. गाडी सुधारली आणि घरात नवीनच कटकट सुरू झाली. बाबा यायचे, पाटावर बसायचे, आणि ताटात मासा नसायचा. आई चिडायची, "आवाज नाय, काय नाय, भुतासारखे येतास. तवो कधी ठेवूचो मी?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या अकरा महिन्यांत, एक शब्द न बोलता, बाबांच्या ताटात बांगडा रोज गरम पडायचा. चरचरत. कसा, हे मी कधी विचारलंच नव्हतं. चाळीअलीकडच्या कोर्टाच्या कोपऱ्यावर गाडीची उचकी ऐकू आली की आई तवा चढवत होती. भोईवाड्यात तशा स्कूटरी खूप होत्या, पण असं अडखळत येणारी एकच होती. आता सगळ्या सारख्या झाल्या, आणि तिला तिचा माणूस ओळखू येईना.

(माझा नातू बॅटरीवरच्या स्कूटरने येतो. त्याच चाळीच्या जागी आता टॉवर आहे, मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तो कधी आला, कधी गेला, वॉचमनला फोन करून विचारावं लागतं. गार जेवतो बिचारा. त्याला वाटतं मायक्रोवेव्ह आहे म्हणजे सगळं आहे.)

एक आठवडा गेला असेल. डबे टाकून बाबा आणि मी परत येत होतो, दुपारची वेळ, गाडी गुळगुळीत चाललेली. कोर्टाच्या कोपऱ्यावर वळण आलं तसा बाबांनी डावा हात खाली सोडला. सीटच्या पुढे, खालच्या बाजूला चोकची घुंडी असते. थंड इंजिन सुरू करताना ओढायची, जादा पेट्रोल जावं म्हणून. तापलेल्या गाडीची ओढली तर काय होतं हे पास्कलकाकाच्या शिष्येला सांगायला नको. बाबांनी ती चांगली बोटभर ओढली. गाडी दचकली. फट्. गप्प. फट्. गप्प. आम्ही दोघं बापलेक उचकी लागल्यासारखे हलत, शेपटातून धूर सोडत, चाळीच्या दिशेने निघालो. तात्या ओट्यावर बसले होते, त्यांनी कपाळावर हात मारला.

मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, मिसिंग मारतेय."

"गप बस," बाबा म्हणाले. "तवो तापूक येळ लागता."